बाज नसलेलं गाव

गावात टीव्हीवाल्यांची जीप आली तेव्हा सगळ्यांनीच तिच्यावर संशय घेतला, पण माझ्याएवढा कोणी घेतला नसेल. माझा स्वभावच तसा. दुकानदारानं साखर बांधून दिली की मी पुडा हातावर तोलून बघते, आणि कोणी कारण नसताना गोड बोललं तर घरी येऊन आधी कडी लावते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पिणाऱ्यांतली.

आमचं गाव बोरीच्या पुढे, कच्च्या रस्त्यानं आत. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते. आई गेल्यापासून घरात मी आणि बा, अशी दोघंच. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं उलटली होती आणि नामांतर अजून व्हायचं होतं. त्या दिवसांत सरकारी टीव्हीवर दर आठवड्याला संध्याकाळी एक मालिका लागायची. कुठल्या गावात वरात उलट्या दिशेनं निघते, कुठल्या वेशीत दगडी हत्तीचा एकच पाय उरलाय आणि लोक त्या पायालाच नैवेद्य दाखवतात, असल्या आडगावच्या इतिहासाच्या गोष्टी त्यात असत. पंचायतीचा टीव्ही लाकडी कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली सरपंचाच्या करगोट्याला. मालिकेच्या दिवशी मात्र सरपंच ते कपाट न चुकता उघडायचा. आपलंही गाव यात दिसावं म्हणून त्यानंच पत्र पाठवलं होतं, हे पुढे कळलं.

पण तेव्हा कोणाला काय माहीत. जीपमधून तीन माणसं उतरली आणि त्यांनी आधी तिपाई काढून उभी केली. झालं. येलदरीच्या धरणाच्या वेळी अशाच तिपाया घेऊन लोक आले होते आणि कित्येकांच्या सोयऱ्यांची गावं पाण्याखाली गेली होती. मोजणीवाले आले, अशी हाकाटी झाली. एका घरानं तर कर्ते पुरुष मागच्या दारानं शेतात पिटाळले, कारण नसबंदीची जीपही अशीच यायची. सरपंचानं देवळापुढं उभं राहून समजावलं तेव्हा कुठे लोक परतले, तेही त्या तिपाईला लांबून वळसा घालून.

ते आले होते आमच्या बाजेसाठी. म्हणजे नसलेल्या बाजेसाठी.

आमच्या गावात एकाही घरात बाज नव्हती. चार पायांवर सुतळीनं विणलेलं काही घरात आणायचं नाही, असा नियम. आजारी असो, बाळंतीण असो, पाटील असो, सगळे जमिनीवर. मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरनं पहिल्या दिवशी बाज मागितली, तर त्याला दोन पोती आणि एक लांबलचक गोष्ट मिळाली. उपकेंद्रात नर्सबाईंसाठी तपासणीचं लोखंडी टेबल आलं तेव्हा पंचायतीच्या दोन बैठका झाल्या. टेबलाला सुतळी नाही, म्हणून ती बाज नव्हे, असा निकाल लागला. तरी बायका त्यावर चढण्याआधी टेबलाला हात जोडायच्या, आणि नर्सबाई कपाळावर हात मारायच्या.

गावाची गोष्ट अशी, की पूर्वी एक महाराज वेशीपाशी लिंबाखाली येऊन राहिले. पाटलानं त्यांना निजायला बाज दिली. महाराज म्हणाले, धरणीमाय असताना तिच्यापासून वीतभर वर कशाला निजू? ते भुईवर निजले ते उठलेच नाहीत. तिथेच त्यांची समाधी झाली आणि गावानं बाजा सोडल्या. गोष्ट छान होती. शाळेत मीच ती मुलांना परिसर अभ्यासात सांगायचे.

आमच्या बौद्ध वस्तीतही बाज नव्हती. धर्मांतर झालं तेव्हा घराघरातले देव बाहेर निघाले, पण बाज काही आत आली नाही. कारण आमच्या वस्तीत याची दुसरी गोष्ट होती, आणि ती वस्तीच्या बाहेर बोलायची नाही हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं असे. बा ती मला अंधार पडल्यावर चुलीपाशी हळू आवाजात सांगायचा. तिच्यावरही माझा संशय होता. कागद नाही, शिलालेख नाही, नुसतं त्याच्या आजीनं सांगितलेलं. बाला तसं म्हटलं तर तो म्हणे, तुझ्या त्या महाराजाचा तरी कागद कुठं हाय?

मुख्याध्यापकांनी मला टीव्हीवाल्यांबरोबर फिरायला सांगितलं. मी शुद्ध बोलते म्हणून, असं ते म्हणाले. कोणी कोणी बोलायचं याची यादी सरपंचानं आधीच केली होती. त्यात तो स्वतः, समाधीचा पुजारी आणि नव्वदीचे एक काका होते, ज्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे. आमच्या वस्तीतलं नाव नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

टीव्हीवाल्यांचे साहेब मुंबईचे, मऊ आवाजाचे, दाढी राखलेले. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात चहा पिताना त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, तुमच्या वस्तीत कोणी जुनं माणूस आहे का? मी लगेच सावध झाले. 'तुमच्या वस्तीत' म्हणजे? माझी वस्ती वेगळी हे यांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही, सगळे कामाला गेलेत.

आणि मान वळवली तर शाळेच्या फाटकात बा उभा. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, अंगात माझ्या नेमणुकीच्या वेळी शिवलेला पांढरा सदरा. तो कोणाला न विचारता आला होता. साहेबांना नमस्कार करून म्हणाला, बाजंची गोष्ट पायजे ना? मग माझ्या घरी चला. इथं न्हाई सांगणार.

बा आमच्या घरी भुईवर बसला, दोन तसबिरींच्या खाली. सरपंच तेव्हा समाधीपाशी पुजाऱ्याला नवा फेटा बांधून देण्यात गुंतला होता. कॅमेरा सुरू झाला. डोक्याला आवाजाचं यंत्र लावलेला माणूस काठीला बांधलेला माईक बाच्या तोंडासमोर धरून होता. माझा बा, जो पाटलाच्या ओट्यासमोरून जाताना खाकरतही नसे, तो थेट काचेत बघून बोलायला लागला.

निजामाच्या राज्यात पटकीची साथ आली, तो म्हणाला. गाव उठून शेतात राहायला गेलं. घराघरात मेलेले आणि मरायला टेकलेले तसेच पडून. ते उचलायचं काम आमच्या लोकांचं. बाजेसकट उचलायचे, वढ्याकाठी न्यायचे, आणि रिकाम्या बाजा वस्तीच्या कडेला ठेवायचे. साथ सरली, गाव परत आलं. आमच्या हाताच्या बाजा घरात कोण घेणार? त्या तिथेच उन्हापावसात पडून राहिल्या. पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरात बाई बाळंत झाली. घर गळत होतं, भुईवर पाणी. तिच्या नवऱ्यानं त्यातली एक बाज आत आणली, तिच्यावर बाळंतिणीला निजवलं.

"ती माझ्या आज्याची माय," बा म्हणाला. "आन् बाजंवरचं पोरगं म्हंजी माझा आजा. पाटलाच्या माणसानं बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला पोरासकट खाली चिखलात उतरवलं आन् समद्या बाजा गोळा करून जाळल्या. आमी त्यांच्या बाजंवर निजावं हे तेंला बघवलं न्हाई. म्हून मग कुनीच निजायचं न्हाई, असं ठरलं. महाराज मागून आले, साहेब. गावानं बाजा सोडल्या न्हाईत. आमी निजलो म्हून जाळल्या."

माईकवाल्यानं डोक्यावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. साहेबांनी हातानंच कॅमेरा थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, इतक्या गावांत फिरलो, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. बा खुश झाला. मी दाराला टेकून उभी होते. बाचा मला अभिमान वाटला का? वाटला असेल. पण आधी भीती वाटली, आणि ती इतकी होती की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही.

कारण ठरावानंतरचा तो पावसाळा मी पाहिला होता. मी बारावीला होते. आमच्या वस्तीतली चार घरं जळाली, त्यात आमचं एक. रात्रभर आम्ही ज्वारीत बसून होतो, आईनं माझ्या तोंडावर हात धरला होता. जाळणारे बाहेरगावचे होते, असं सकाळी गावानं सांगितलं. कोण होते ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्यातले काही जण रोज शाळेवरून जाताना मला 'नमस्कार बाई' म्हणायचे. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती, मी त्यांना बाराखडी शिकवत होते. अशा गावात राहायचं तर डोळे दोन पुरत नाहीत.

टीव्हीवाले संध्याकाळी परभणीला गेले, आणि गावाचे कान उभे राहिले. म्हातारा काय बोलला? सरपंच शाळेत आला, खुर्ची ओढून बसला, मुलांच्या हजेरीबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, आणि उठताना म्हणाला, "बाई, तुमच्या बानं काय वंगाळ तर न्हाई ना सांगितलं? गाव एक हाय, टीव्हीवर बी एकच दिसावं." मी ताकास तूर लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी ज्वारी दळायला घेऊन गेले तर गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. गिरणी आत सुरू होती, मला आवाज येत होता. मी डबा उचलून परत आले. गिरणीवाल्याचा पट्टा खरंच तुटला असेल का, आणि मी ऐकला तो आवाज शेजारच्या इंजिनाचा असेल का, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मात्र शंका नव्हती. अठ्ठ्याहत्तरची सुरुवातही अशाच लहान लहान गोष्टींनी झाली होती.

बा मात्र मजेत होता. वस्तीत घरोघर जाऊन सांगत होता, आता ऐकंल समदा महाराष्ट्र. मी म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. तो म्हणाला, माय, माझ्या आज्याला चिखलात उतरवलं, ते एवढी वर्सं मी चुलीपाशी सांगतोय. कवा तरी उजेडात सांगू दे की.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या टपालाचं काम आहे असं बाला सांगून मी परभणीला गेले. टीव्हीवाले स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते, सामान बांधत होते. मी साहेबांना म्हटलं, माझ्या वडिलांचं बोलणं काढून टाका. ते चकित झाले. म्हणाले, अहो, तोच तर खरा भाग आहे, बाकी सगळं मला शंभर गावांत मिळतं. मी म्हटलं, तुम्ही जीपमध्ये बसून जाल. आम्हाला त्याच गिरणीवर दळण न्यायचं आहे.

त्यांनी बांधत असलेलं सामान बाजूला ठेवलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वडिलांना माहीत आहे, तुम्ही इथं आलात ते?"

"त्यांनीच पाठवलंय," मी म्हटलं.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात त्याआधी बोलले नव्हते. साहेबांनी मान हलवली. म्हणाले, आवाज काढतो, पण त्यांचा चेहरा काढवणार नाही माझ्याच्यानं. तुम्हाला ठीक वाटेल ते करा, असं सांगून मी उठले. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली आणि बोरीपर्यंत गाढ झोप लागली. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

तीन-चार महिन्यांनी मालिकेत आमच्या गावाचा नंबर लागला. सरपंचानं दवंडी दिली. टीव्हीचं कपाट पंचायतीच्या ओट्यावर आणून ठेवलं. समोर गाव बसलं, आणि डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, आमची वस्ती. बा सगळ्यात पुढे. तोच पांढरा सदरा घालून आला होता. मी मागे उभी राहिले. वस्तीतल्या बाकीच्यांचे चेहरे गंभीर होते, दोघा-तिघांनी पोरं सोयऱ्यांकडे पाठवून दिली होती. बानं काय सांगितलंय ते त्यांना माहीत होतं. काय होणार आहे हे फक्त मला माहीत होतं.

आधी वेस दिसली, तिच्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग समाधी, नव्या फेट्यातला पुजारी, सरपंच, नर्सबाईंचं टेबल. आणि मग बा. अख्खा पडदा भरून त्याचा चेहरा. कपाळाच्या आठ्या, हलणारे ओठ, बाज उचलल्यासारखे वर गेलेले हात. आणि वरून एका गोड गळ्याच्या निवेदकाचा आवाज सांगत होता, की महाराज म्हणाले, धरणीमाय असताना वीतभर वर कशाला निजू, आणि त्या दिवसापासून या गावातला लहान-थोर, प्रत्येक जण जमिनीवर निजतो. बाचे ओठ 'चिखलात' म्हणाले ते मला कळलं. निवेदक तेव्हा 'भक्तिभावानं' म्हणत होता.

मला सुटल्यासारखं झालं. हे लपवण्यात अर्थ नाही. माझे खांदे खाली आले आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कार्यक्रम संपला तसा सरपंच गर्दीतून वाट काढत बापाशी आला. आजवर तो बाला अरे-तुरेच करायचा, वयानं वीस वर्षं लहान असून. त्यानं बाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुमी लय चांगलं बोललात. आमी उगंच मनात काय काय आनलं." दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण सगळ्यांच्या आधी घेतलं.

 त्या संध्याकाळी घरी येऊन बानं सदरा काढला, घडी घातली आणि तो भिंतीला टेकून बसला. भाकरी वाढली तर म्हणाला, भूक न्हाई. सकाळी उठून त्यानं मला कागद-पेन घ्यायला सांगितलं. त्याला सहीपुरतंच लिहिता यायचं. त्यानं सांगितलं तसं मी टीव्हीच्या ऑफिसला पत्र लिहिलं. माझा चेहरा घेतलात आणि आवाज कुठं ठेवलात, एवढंच विचारायचं होतं त्याला. तो कोणी काढायला लावला त्याचं नाव कळवा, असंही त्यानं खाली लिहायला लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं, अक्षर वाकडं यायला लागलं. मीच टाकते पेटीत, असं मी म्हटलं, पण बा माझ्याबरोबर बोरीपर्यंत आला आणि पोस्टाच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकलं. संशयी स्वभाव मला कोणाकडून आला हे सांगायला नको.

उत्तराची वाट बघताना तो एकेकाचं नाव घ्यायचा. सरपंच असंल. पाटलाचा मुंबईतला जावई असंल. दाढीवाल्या साहेबालाच कुनी दम दिला असंल. मी चूल फुंकत ऐकत राहायचे. कधी कधी 'असेल' म्हणायचे.

उत्तर आलं ते शाळेच्या पत्त्यावर, पण बा पोस्टमनच्या मागोमाग वर्गात आला. मुलं पाढे म्हणत होती. मी पाकीट फोडलं. टाईप केलेला अर्ध्या पानाचा मजकूर होता. आपल्या कन्येनं समक्ष भेटून, आपल्या वतीनं केलेल्या विनंतीनुसार आवाज वगळण्यात आला, आपल्या इच्छेचा मान राखला आहे, असं लिहून खाली त्या साहेबांची सही होती.

"वाच," बा म्हणाला.

मी वाचलं. यंत्रात बिघाड झाल्यामुळे आपला आवाज मुद्रित होऊ शकला नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.

बानं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं, सहीवर अंगठा फिरवला.

"खोटं हाय," तो म्हणाला. "मला तोंडावर खोटं बोलायलेत. तुला कळंना का, माय, एवढी शिकली तू?"

मी म्हटलं, कळतंय. त्यानं कागदाची घडी घालून परत माझ्याच हातात दिली, नीट जपून ठेव म्हणाला, आणि मुलांच्या मधून वाट काढत घरी गेला.